खतावणीचे धनी

सन १९८८. मुंबईच्या फोर्ट भागातील एका कचेरीत मी हिशेबखात्यात लेखनिक म्हणून काम करीत होतो. वसईहून सकाळची गाडी पकडून चर्चगेट गाठायचे आणि दिवसभर लाल कापडी बांधणीच्या खतावण्यांत आकडे उतरवायचे, हा तेव्हाचा नित्यक्रम. त्या वर्षी आमच्या खात्यात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी काचेचा एक कोपरा वेगळा काढण्यात आला, तेथे थंड हवेचे यंत्र बसले आणि पादत्राणे बाहेर काढून ठेवण्याचा नियम झाला. एखाद्या देवघराला शोभावा असा तो थाट होता.

आमचे वृद्ध हिशेबनीस, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, त्यांना त्या यंत्रावर ‘लोटस १-२-३’ नावाची प्रणाली दाखविण्यात आली. पडद्यावर आडव्या-उभ्या घरांची जाळी होती. एका घरातला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. काकांनी पेन्सिल घेऊन तीन वेळा पडताळा घेतला. बेरीज बरोबर आली. मग त्यांनी त्या काळ्या, चौकोनी, लवचीक तबकडीकडे, फ्लॉपीकडे, पाहून विचारले, “ही आणली कुठून? हिचं व्हाउचर कुठं आहे?”

व्हाउचर नव्हते. ती कोणा मित्राच्या मित्राकडून आली होती आणि तिच्यासोबतचे माहितीपुस्तक झेरॉक्स काढलेले होते. आम्ही तरुण मंडळी हसलो. “काका, हे सगळेच असं वापरतात,” असे कोणीतरी म्हणाले. काका काही बोलले नाहीत. पण त्या महिन्याचा ताळेबंद त्यांनी हातानेच केला. अमेरिकेत ज्या पेढीने ती प्रणाली विक्रीस आणली होती, ती पेढी तेव्हा इतरांवर नक्कल केल्याचे खटले चालवीत होती, आणि मूळ कल्पना तिचीही नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. काकांचा प्रश्न आमच्यापुरता साधा होता. तो त्या पेढीला विचारला असता तर उत्तर बरेच लांबले असते.

हिशेबाची पद्धत कोणाच्या मालकीची, हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. १४९४ साली व्हेनिस नगरीत लुका पाचोली या फ्रान्सिस्कन धर्मबंधूचा अंकगणितावरील एक थोर ग्रंथ छापला गेला. त्यातील एका प्रकरणात जमा आणि नावे अशा दुहेरी नोंदीची रीत प्रथमच छापील स्वरूपात सांगितली आहे. ती रीत पाचोलींनी शोधून काढलेली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते, आणि तसे पाचोली स्वतःच सांगतात. त्यांनी चोरी केली, असे कोणा व्यापाऱ्यानेही म्हटले नाही.

परंतु याच पाचोलींवर दुसरा आरोप झाला, आणि तो पुसला गेलेला नाही. चित्रकार आणि गणिती पिएरो देला फ्रांचेस्का यांचे लेखन पाचोलींनी आपल्या नावावर खपविले, असे चरित्रकार जॉर्जो वासारी यांनी सोळाव्या शतकात लिहून ठेवले. १५०९ साली छापलेल्या पाचोलींच्या एका ग्रंथाचा शेवटचा भाग हा पिएरोंच्या लॅटिन पुस्तकाचा इटालियन अनुवाद आहे आणि मूळ लेखकाचा तेथे अनुवादाचा धनी म्हणून उल्लेख नाही, हे पुढे अभ्यासकांना दिसून आले. एकाच माणसाच्या हातून दोन गोष्टी घडल्या. व्यापाऱ्यांची रीत त्यांनी जगाला सांगितली, तिथे ऋण मान्य केले. मित्राचे लेखन घेतले, तिथे नाव गाळले. पुढची सगळी हकिगत वाचताना या दोन कृत्यांतले अंतर मला सारखे आठवत राहते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न प्रत्यक्ष खतावणीच्या रूपाने उभा राहिला, तो १८७९ च्या सत्रात. चार्ल्स सेल्डन नावाच्या गृहस्थांनी १८५९ साली हिशेब ठेवण्याच्या एका सुटसुटीत पद्धतीवर पुस्तक लिहून त्याचे हक्क नोंदविले होते. दिवसाचा, आठवड्याचा वा महिन्याचा सारा व्यवहार एका पानावर किंवा समोरासमोरच्या दोन पानांवर दिसावा, अशी त्यांच्या रकान्यांची मांडणी होती. पुढे बेकर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी बहुतांशी तशाच रीतीच्या, पण रकाने थोडे निराळे असलेल्या, कोऱ्या वह्या विकायला काढल्या. सेल्डन वारले होते. त्यांच्या विधवेने दावा लावला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी निकाल दिला की पुस्तकातील शब्द लेखकाचे, परंतु पुस्तकात सांगितलेली पद्धत ही लेखनाच्या हक्काने कोणाची होत नाही. तिच्यावर हक्क हवा असेल तर पेटंट घ्यावे. औषधांवर ग्रंथ लिहिला म्हणून ती औषधे तयार करण्याचा एकाधिकार लेखकाला मिळत नाही, अशा अर्थाचा दाखला त्यांनी दिला. त्या बाईंच्या हाती काही लागले नाही. कायदा म्हणून हा निकाल मला योग्य वाटतो. तरी दावा हरून घरी परतणारी ती विधवा डोळ्यांपुढून हलत नाही.

आता शंभर वर्षे ओलांडून १९७८ मध्ये येऊ. हार्वर्डच्या व्यवसाय-व्यवस्थापन शाळेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडीत. एखादा आकडा चुकला की तो पुसायचा, आणि मग त्याच्यामागून येणारे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. फळाच स्वतःहून हे करील तर? ब्रिकलिनने आराखडा तयार केला आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने प्रत्यक्ष प्रणाली लिहिली. आर्लिंग्टन गावातील एका पोटमाळ्यावर हे काम चाले, आणि तेही रात्री, कारण भाड्याने घेतलेल्या मोठ्या संगणकाचा वेळ रात्री स्वस्त पडे. १९७९ च्या जानेवारीत दोघांनी ‘सॉफ्टवेअर आर्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची ‘व्हिझिकॅल्क’ ही प्रणाली बाजारात आली. उभ्या रकान्यांना अक्षरे, आडव्या ओळींना अंक, आणि घरात आकडा वा सूत्र, हे आज आपल्या मुलांना अगदी स्वाभाविक वाटणारे रूप तेथे ठरले. किंमत शंभर डॉलर होती. ज्या ‘ॲपल टू’ संगणकावर ती चाले, तो संगणक केवळ तिच्यासाठी विकत घेणारे लोक निघाले.

या दोघांनी पेटंट का घेतले नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्यांचे प्रकाशक डॅन फिल्स्ट्रा यांनी वकिलाचा सल्ला घेतला होता. त्या काळी संगणक-प्रणालीला पेटंट मिळणे जवळजवळ अशक्य समजले जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ आणि १९७८ साली तशा अर्जदारांना विन्मुख पाठविले होते. वकिलांनी यशाची आशा फारच थोडी असल्याचे सांगितले, तेव्हा खर्च टाळण्यात आला. १९८१ साली न्यायालयाचा कल बदलला. पण तोवर व्हिझिकॅल्क दोन वर्षे जगापुढे होते आणि दार बंद झाले होते.

आता मिच केपॉर यांच्याकडे वळू. (नावावरून भास होतो, तरी हे आपल्याकडचे कपूर नव्हेत.) भारताशी त्यांचा संबंध होता, पण निराळ्या वाटेने. तरुणपणी ते महर्षी महेश योगी यांची ध्यानपद्धती शिकवीत असत आणि पुढे आपल्या कंपनीला त्यांनी पद्मासनावरून ‘लोटस’ हे नाव दिले. १९८० साली केपॉर काही महिने व्हिझिकॅल्कच्या प्रकाशकांकडेच नोकरीस होते. व्हिझिकॅल्कच्या आकड्यांवरून आलेख काढणारी एक जोडप्रणाली त्यांनी लिहिली, आणि तिचे हक्क दहा लाखांहून अधिक डॉलर घेऊन त्याच प्रकाशकांना विकले. त्या पैशाच्या बळावर जोनाथन सॅक्स या कसबी प्रोग्रामरला सोबत घेऊन त्यांनी जानेवारी १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ बाजारात आणली. हिशेबाची जाळी, आलेख आणि माहितीची साठवण अशी तीन कामे ती एकत्र करी, म्हणून हे नाव.

१-२-३ ने व्हिझिकॅल्कपासून काय घेतले? जवळजवळ सगळा सांगाडा घेतला. अक्षरांचे रकाने, अंकांच्या ओळी, सूत्र लिहिण्याची रीत, एवढेच काय, तिरपी रेघ दाबून आज्ञांची यादी पुढे आणण्याची सवयसुद्धा. तथापि तिला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. आयबीएमच्या नव्या संगणकाची सारी ताकद सॅक्सने वापरली होती. व्हिझिकॅल्कच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि गूढ होत्या, त्या जागी वाचून समजणारे शब्द आले. आणि वेग असा की पाहणारा थक्क व्हावा. पहिल्याच वर्षी लोटसची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. त्याच सुमारास व्हिझिकॅल्कचे निर्माते आणि त्यांचे प्रकाशक एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे होते. स्पर्धकाने त्यांना मागे टाकले यात शंका नाही, पण घरातल्या भांडणाने त्यांचे पाय आधीच बांधले गेले होते. १९८५ साली एका विमानप्रवासात ब्रिकलिन आणि केपॉर यांची गाठ पडली, आणि लवकरच लोटसने सॉफ्टवेअर आर्ट्सची सारी मालमत्ता विकत घेतली. व्हिझिकॅल्कची विक्री नंतर थांबविण्यात आली.

येथवर कोणी कोणावर चोरीचा आळ घेतलेला नव्हता. १९८६ मध्ये केपॉर लोटसमधून बाहेर पडले, आणि जानेवारी १९८७ मध्ये लोटसने दोन लहान कंपन्यांवर दावे लावले. त्यांपैकी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ ही ॲडम ऑस्बर्न यांची. ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले. त्यांचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार. ॲडम ऑस्बर्न यांनी १९८१ साली हातात उचलून नेता येईल असा संगणक विकायला काढून मोठे नाव मिळविले आणि १९८३ साली दिवाळे काढून ते घालविले. नंतर त्यांनी पुस्तकांच्या धर्तीवर स्वस्त सॉफ्टवेअर विकण्याचे ठरविले. १-२-३ ची किंमत ४९५ डॉलर, तर त्यांच्या ‘व्हीपी-प्लॅनर’ची शंभर डॉलरच्या आसपास. ही प्रणाली आरंभी निराळ्या रचनेची होती. पण लोकांच्या बोटांना १-२-३ ची सवय झालेली पाहून तिची आज्ञावली हुबेहूब १-२-३ सारखी करण्यात आली. ती कळीला कळ जुळेल अशी आहे, हे कंपनीने आपल्या माहितीपुस्तकातच अभिमानाने छापले होते. न्यायालयात तेच वाक्य तिच्यावर उलटले.

त्याच वर्षी आणखी एक दावा लागला. सॉफ्टवेअर आर्ट्सची मालमत्ता गेली तरी कायदेशीर सांगाडा ‘एसएपीसी’ या नावाने उरला होता. त्याने लोटसवर आणि केपॉर यांच्यावर फिर्याद केली की १-२-३ हीच मुळात व्हिझिकॅल्कची नक्कल आहे. हे खरे की खोटे, याची तपासणी झालीच नाही. १९८५ च्या खरेदीबरोबर असा दावा लावण्याचा हक्कही लोटसच्या पदरात पडला आहे, असे न्यायालयाने ठरविले, आणि १९९० साली वरिष्ठ न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. काकांच्या भाषेत सांगायचे तर लोटसकडे व्हाउचर होते. ते माल उचलल्यानंतर दोन वर्षांनी केलेले होते, इतकेच.

२८ जून १९९० रोजी बॉस्टनचे न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी पेपरबॅकविरुद्ध निकाल दिला. अक्षरांची आणि अंकांची जाळी कोणाची नाही, तिरपी रेघही कोणाची नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु १-२-३ मधील आज्ञांची निवड, त्यांचे शब्द आणि त्यांची उतरंड ही लोटसची स्वतःची रचना आहे, आणि इतर प्रणालींनी आपापल्या निराळ्या आज्ञावली करून दाखविल्या आहेत, तेव्हा हीच घेण्याची गरज नव्हती, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद पोकळ नाही. व्हीपी-प्लॅनरची विक्री त्याच वर्षी बंद झाली. ऑस्बर्न पुढे आजारी होऊन भारतात परतले आणि २००३ साली कोडाईकनाल येथे निवर्तले.

निकालानंतर चारच दिवसांनी लोटसने ‘बोरलँड’ या मोठ्या प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. फ्रान्समधून आलेल्या फिलिप कान यांची ही कंपनी, आणि तिची प्रणाली ‘क्वाट्रो प्रो’. येथे मामला अधिक नाजूक होता. क्वाट्रो प्रोची आपली स्वतंत्र आज्ञावली होती. मात्र हवे असेल त्याला १-२-३ ची आज्ञावलीही पडद्यावर आणता येई. याचे कारण समजून घेतले पाहिजे. १-२-३ वापरणारे लोक नेहमीच्या कामांसाठी आज्ञांच्या लांबलचक माळा गुंफून ठेवीत. त्यांना मॅक्रो म्हणत. आमच्या कचेरीतही मासिक पगारपत्रकाची एक माळ होती. ती बसवायला दोन मुलांना तीन आठवडे लागले होते. ही मेहनत लोटसची नव्हती, वापरणाऱ्याची होती. पण आज्ञांचे शब्द बदलले की ती माळ निरुपयोगी. लोटसचा हक्क मान्य केला तर वापरणाऱ्याचे स्वतःचे श्रमही लोटसच्या कुंपणात अडकत.

१९८९ आणि १९९० साली केंब्रिज येथील लोटसच्या कचेरीवर प्रोग्रामर मंडळींनी मोर्चे काढले, ते या कुंपणाविरुद्ध. आपल्या हयातीत संपत्ती मिळवू पाहणारे लोक ‘कल्पना सर्वांच्या असू द्या’ म्हणून रस्त्यावर आले, हे दृश्य व्यापाराच्या इतिहासात वरचेवर आढळत नाही.

कीटन यांनी बोरलँडलाही दोषी ठरविले आणि १९९२ साली बोरलँडने ती आज्ञावली काढून टाकली. अपिलात मात्र ९ मार्च १९९५ रोजी पारडे फिरले. अपील न्यायालय म्हणाले की आज्ञावली ही यंत्र चालविण्याची रीत आहे. व्हीसीआरवर चालू, बंद, मागे, पुढे अशी बटणे असतात. त्या बटणांच्या मांडणीवर जशी कोणी लेखकाची मालकी सांगत नाही, तशीच ही. सेल्डन यांच्या खतावणीच्या निकालातून उतरलेले तत्त्व १९७६ च्या अमेरिकन कायद्यात कलम म्हणून आले होते, त्याच कलमावर हा निकाल उभा होता. न्यायाधीश मायकेल बूडिन यांनी वेगळे टिपण जोडून वापरणाऱ्यांच्या श्रमांचा मुद्दा मांडला. टंकलेखन यंत्रावरील अक्षरांची मांडणी कोणा एकाची असती तर ती शिकलेले सारे टंकलेखक त्याचे बांधील झाले असते, असा त्याचा आशय. लोटस सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे एक न्यायमूर्ती प्रकरणात सहभागी नव्हते, उरलेल्या आठांची मते चार विरुद्ध चार अशी विभागली, आणि १६ जानेवारी १९९६ रोजी कोणतेही कारण न देता अपिलाचा निकाल कायम राहिला. ज्या प्रश्नाचे उत्तर सगळ्या जगाला हवे होते, त्यावर न्यायपीठाने एक ओळही लिहिली नाही.

तोवर खेळ संपलाही होता. बोरलँडने १९९४ मध्येच क्वाट्रो प्रो विकून टाकली होती आणि १९९५ मध्ये लोटसला आयबीएमने विकत घेतले होते. दोघे भांडत असताना मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल’ने, जी १९८५ साली ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी आली होती, बाजार काबीज केला. एक्सेलनेही १-२-३ च्या ग्राहकांसाठी पायघड्या घातल्या होत्या. जुन्या फायली उघडाव्यात, तिरपी रेघ दाबल्यावर काहीतरी घडावे, जुनी आज्ञा दिली तर नवी कोणती ते सांगावे, अशा सोयी तिच्यात होत्या. जाळी मात्र ब्रिकलिनचीच.

मला विचाराल तर यात सर्वांत सरळ वागले ते ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन. पाठीमागून आलेल्यांनी अफाट संपत्ती मिळविली, तशी त्यांना मिळाली नाही, आणि त्याबद्दल कडवटपणे बोलत राहण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. केपॉर यांनी घेतले, पण घेतलेल्यात पुष्कळ भर घातली. लोटस कंपनीचे मात्र मला समर्थन करता येत नाही. दुसऱ्याच्या शेतात वाढलेले रोप आपल्या अंगणात लावावे, आणि शेजाऱ्याने त्याची फांदी नेली की पोलीसपाटलाकडे धावावे, असा तो प्रकार होता. ऑस्बर्न यांच्याविषयी माझे मन अजून ठरत नाही. स्वस्तात देण्याचा हेतू चांगला. पण कळीला कळ जुळविण्यात स्वतःची भर ती किती?

आणि आम्ही? भारताच्या कायद्यात १९८४ सालीच संगणक-प्रणालीचा समावेश साहित्यकृतींत झाला होता. म्हणजे आमच्या त्या काचेच्या कोपऱ्यात जी फ्लॉपी होती, ती चार वर्षे आधीपासून बेकायदा ठरलेली होती. आम्ही कल्पना घेतली नव्हती, रीतही घेतली नव्हती, तर अक्षरन्‌अक्षर उचलले होते. पाचोलींनी पिएरोंचे पुस्तक घेतले, त्यातच आमचे कृत्य मोडते. सॅक्सने रात्री जागून लिहिलेल्या ओळींचा मोबदला आमच्या कचेरीने दिला नाही, आणि मी त्यावर आठ वर्षे पगार घेतला. काका १९९१ मध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी हातानेच लिहिलेली शेवटची खतावणी साहेबांच्या स्वाधीन केली. प्रत्येक नोंदीसमोर व्हाउचरचा क्रमांक होता.

आयबीएमने सप्टेंबर २०१४ मध्ये १-२-३ ची सेवा कायमची बंद केली. तिचा एक अवशेष मात्र टिकून आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले, तेव्हापासून चारशेने भाग न जाणारे शतकाचे वर्ष लीप धरीत नाहीत. म्हणून १९०० च्या फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस होते. १-२-३ मध्ये ते वर्ष लीप धरले गेले. जुन्या फायलींतील तारखा जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही जशीच्या तशी घेतली, आणि ती आजही तेथे आहे.

परवा आमच्या पॅरिशच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदींची यादी संगणकावर उतरविताना माझ्या आजोबांच्या थोरल्या बंधूंची नोंद लागली. तारीख ४ फेब्रुवारी १९००. पंचांगाप्रमाणे तो रविवार. नातवाने तारीख घरात घालून वार विचारला. एक्सेलने उत्तर दिले, शनिवार.